फुकटचे पंच

आमच्याकडे एखाद्या माणसाचा जाहीर सत्कार होऊ लागला, की खुशाल समजावे, त्याला काही द्यायचे नाही असे आधीच ठरलेले आहे. ज्याला द्यायचे असते त्याला पहिल्या तारखेला, सही घेऊन, गुपचूप देतात. ज्याला द्यायचे नसते त्याला व्यासपीठावर बसवतात, खांद्यावर शाल टाकतात, हातात नारळ देतात आणि टाळ्यांच्या गजरात घरी पाठवतात. नारळाची चटणी होते, शाल ट्रंकेत जाते. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच माणसाच्या दाराची कडी वाजते. कुणाचा तरी बांध कुणीतरी कोरलेला असतो.

दिवाळी अंक हातात घेऊन, चकली मोडता मोडता असला रुक्ष विषय कुणी वाचू नये, असा एक संकेत आहे. पण वाचकहो, या विषयाचा आणि दिवाळीचा संबंध तुम्हाला वाटतो त्यापेक्षा फार जवळचा आहे. दिवाळीला पुण्या-मुंबईचे भाऊ गावी येतात. नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान होते, लक्ष्मीपूजन होते, फराळ होतो. आणि पाडव्याच्या दुपारी, पानसुपारीच्या वेळी, कुणीतरी हळूच सातबाऱ्याचा विषय काढतो. थोरला म्हणतो, विहीर मी खणली. धाकटा म्हणतो, पैसे मी पाठवले. बहीण भाऊबीजेला आलेली असते. तिच्यापुढे ओवाळणीच्या तबकाबरोबर हक्कसोडपत्राचा कागदही येतो. मग आवाज चढतात, शेजारी गोळा होतात, आणि कुणीतरी सायकल काढून गावच्या वडीलधाऱ्या माणसाला बोलावून आणतो. ते बिचारे आपल्या घरचे ताट बाजूला सारून उठतात. तुमच्या घराण्याची अब्रू तालुक्याच्या कोर्टात न जाता ओसरीवरच राहिली असेल, तर ती अशाच एखाद्या माणसामुळे राहिली आहे. त्याला तुम्ही काय दिलेत? दोन लाडू?

मी बोलतो आहे ते या माणसांविषयी. तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष आणि सभासद, ग्रामसभेने नेमलेल्या इतर समित्यांवरची मंडळी, आणि कुठल्याच समितीवर नसूनही ज्यांच्या शब्दाला गावात वजन आहे अशा चार-दोन जाणत्या बाया आणि बापे. यांच्या कामाचा रोख मोबदला त्यांना मिळाला पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. नुसता मान नव्हे, पैसे. हा शब्द मी मुद्दामच उच्चारला, कारण तो ऐकताच आमच्या सभ्य मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात, हे मला ठाऊक आहे.

मी व्यवसायाने मास्तर. कादंबऱ्या लिहितो तो रात्रीचा उद्योग. हाताचे अक्षर वळणदार, म्हणून तडजोडीचे कागद लिहायला मला बोलावतात. त्यामुळे हे काम कसे चालते ते मी कोपऱ्यात बसून पुष्कळ वर्षे पाहिले आहे. आम्ही कादंबरीवाल्यांनी गावच्या पंचावर तसा अन्यायच केला आहे. आमच्या पुस्तकांत तो एक तर मिशांना पीळ देणारा खलपुरुष असतो, नाही तर पांढऱ्या फेट्यातला देवमाणूस. तालुक्याला जाण्यासाठी एस. टी. च्या तिकिटाचे सुटे पैसे चाचपणारा म्हातारा आम्ही कधी रंगवला नाही.

एकच प्रकरण सांगतो. आमचा भाग कांद्याचा. दोन चुलतभावांची सामाईक विहीर, पाण्याची पाळी आठवड्याने बदलायची. वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. त्यामुळे ज्याची पाळी रात्रीच्या विजेत येई तो म्हणे, मला फसवले. एके रात्री मोटारीची केबल तुटली. कुणी तोडली ते देव जाणे. कुऱ्हाडी निघाल्या. आमचे अध्यक्ष सत्तरीच्या घरातले, तीन एकरांचे धनी. ते त्या रात्री बॅटरी घेऊन विहिरीवर गेले आणि पहाटेपर्यंत दोघांच्या मध्ये, थारोळ्याच्या दगडावर बसून राहिले. काही बोलले नाहीत. नुसते बसले. तंटा मिटवणे म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळले. त्यात बोलण्याचा भाग थोडा आणि बसण्याचा फार.

पुढे नऊ बैठका झाल्या. त्याही दिवसा नव्हेत, कारण दिवसा दोघेही रानात. रात्री आठला बसायचे, साडेअकराला उठायचे. वीज कंपनीच्या कचेरीत एक खेप, तलाठ्याकडे एक, जुना फेरफार काढायला तालुक्याला दोन. प्रत्येक बैठकीचा चहा अध्यक्षांच्या घरचा. सुनेने कपाळाला आठी न घालता तो केला, हे तिचे उपकार. अखेर पाळी आठवड्याऐवजी चार दिवसांची ठरली, म्हणजे दिवसाची आणि रात्रीची वीज दोघांच्याही वाट्याला यावी. इतकी साधी गोष्ट. पण ती सुचायला पहिली बैठक पुरली आणि पटायला आठ लागल्या. त्या दीड महिन्यात अध्यक्षांचे स्वतःचे कांद्याचे रोप तणात गेले. खुरपणीला त्यांनी रोजाने बाया लावल्या, आणि त्यांची मजुरी मात्र त्यांना रोखीने द्यावी लागली. खुरपणाऱ्या बाईला कुणी म्हणत नाही, की बाई, ही भूमातेची सेवा आहे, नारळ घे आणि जा!

हे सारे बोलले, की शहाणी मंडळी एक ठेवणीतले वाक्य काढतात: पूर्वी गावगाड्यात ही कामे लोक निष्ठेने करीत, फुकट करीत. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे, की त्याचा समाचार घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. पूर्वी कोण फुकट करीत होते? पाटील? पाटलाला वतन होते, इनाम जमीन होती, हक्क होते, लग्नाकार्यात मानाचा विडा होता. कुलकर्ण्याला वतन होते. सुतार, लोहार, चांभार, न्हावी, परीट, कुंभार, गुरव, जोशी या बलुतेदारांना खळ्यावर धान्याचा वाटा होता. तो कमी पडला तर ते कामावर न येण्याची धमकीही देऊ शकत. गोतसभा बसे, महजर लिहिला जाई. पेशवाईत दावा जिंकणाऱ्याने सरकारात हरकी भरायची आणि हरणाऱ्याने गुन्हेगारी, असा शिरस्ता होता. न्यायाला पैसे पडत नव्हते असा काळ या महाराष्ट्राने पाहिलेला नाही.

फुकट, किंवा फुकटाच्या जवळपास, एकच माणूस राबत होता. वेसकर म्हणून वेशीवर जागणारा, सरकारी टपाल पोहोचवणारा, साहेबाच्या घोड्यापुढे धावणारा महार. त्याच्या वतनाची जमीन तुकड्यातुकड्यांनी वाटली गेली होती आणि काम मात्र दिवसरात्रीचे, सबंध घराने करायचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणले, ते १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करून ही वेठ संपवण्यासाठी. ते विधेयक त्यांना तेव्हा पार नेता आले नाही. ही वतने मोडायला १९५८ चा कायदा यावा लागला. तेव्हा 'पूर्वी फुकट करीत' असे म्हणणाऱ्यांनी आपण कोणत्या गोष्टीचे गुणगान करतो आहोत हे जरा तपासावे. आपल्या परंपरेत सेवेला मोबदला होता. मोबदल्यावाचून घेतलेल्या कामाला वेठ म्हणत, आणि ती घेणाऱ्याला कुणी सज्जन म्हणत नसे.

वतने गेली ते उत्तम झाले. १९५० साली कुलकर्ण्यांची गेली, १९६२ साली मुलकी पाटलांची गेली. जन्माने मिळालेला अधिकार लोकशाहीत टिकता कामा नये. पण एक गंमत झाली. वतनाबरोबर मोबदला गेला आणि काम मात्र तिथेच उरले. भावकी काही कायद्याने रद्द झाली नाही! त्या कामापैकी थोडे सरकारने उचलून पगारी केले. १९६७ च्या कायद्याने पोलीस पाटील नेमला. त्याचे मानधन वर्षानुवर्षे चेष्टेचा विषय होते, ते २०२४ साली दरमहा १५,००० रुपयांवर आले. त्याच वर्षी सरपंचांचे मानधन दुप्पट झाले. दोन हजार वस्तीपर्यंतच्या गावच्या सरपंचाला ६,००० रुपये मिळू लागले. मिळोत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. ग्रामन्यायालयांचा २००८ चा कायदा आहे. त्यातल्या न्यायाधिकाऱ्याला प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्याचे वेतन आहे. लोकअदालतीत पॅनेलवर बसणाऱ्यांना मानधन असते. म्हणजे तोच तंटा, तेच भाऊ, तोच बांध. तालुक्याच्या ठिकाणी खुर्चीवर बसून मिटवला तर पैसे, आणि गावात थारोळ्याच्या दगडावर बसून मिटवला तर नारळ.

१५ ऑगस्ट २००७ रोजी महाराष्ट्रात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. कल्पना थोर होती, यात शंका नाही. ग्रामसभेने समिती नेमायची, दिवाणी, महसुली, फौजदारी आणि इतर तंट्यांची नोंद करायची, आणि समेट घडवून आणायचा. गाव तंटामुक्त ठरले की लोकसंख्येच्या मानाने एक लाखापासून दहा लाखांपर्यंत बक्षीस. आता ते नगारे पूर्वीसारखे वाजत नाहीत, पण समित्या गावोगाव आहेत. या योजनेत पैसा होता, हे लक्षात घ्या. गावाला होता. तंटे मिटवण्यासाठी जागणाऱ्याला नव्हता. बक्षिसाची रक्कम स्वीकारताना फोटोत कोण कोण होते, हे ज्याने त्याने आपापल्या गावी आठवून पाहावे.

आणि त्या बक्षिसाने आणखी एक गोष्ट केली, ती सांगताना मला बरे वाटत नाही. बक्षीस आकड्यांवर अवलंबून. मग आकडा वाढला पाहिजे. नवऱ्याने मारलेली बाई माहेरी येऊन बसली, की तीही 'तंटा' म्हणून वहीत चढे. समिती जाई, दोघांना समजावी, बाई पुन्हा नांदायला जाई आणि वहीत 'मिटला' असा शेरा पडे. असे एक कागदपत्र लिहायला मला बोलावले होते. मी लिहिले नाही. ती बाई संरक्षण अधिकाऱ्याकडे गेली पाहिजे, २००५ चा कायदा त्यासाठीच आहे, असे म्हणून मी उठलो. त्यावरून काही दिवस मला गावात वाकडे बोलणे ऐकावे लागले. तेव्हा मोबदला द्या म्हणताना मी 'मिटवलेल्या तंट्यामागे इतके' असे मुळीच म्हणत नाही. तसे केले तर पंच दलाल होईल. बैठकीला बसल्याचा मोबदला द्या. तंटा मिटो, न मिटो. न्यायाधीशाला निकालामागे पैसे देतात काय?

आता माझ्या म्हणण्याचा गाभा. फुकट काम कोण करू शकतो? ज्याची चूल त्याच्या त्या दिवसाच्या मजुरीवर पेटत नाही तो. हे इतके उघड आहे, की ते कुणी बोलत नाही. ज्याचे वीस एकर बागाईत आहे, ज्याची मुले नोकरीला आहेत, त्याला दिवसभर पारावर बसायला काय लागते? तो बसतो, मोठा होतो, आणि पुढच्या खेपेला पुन्हा तोच निवडला जातो. रोजाने जाणाऱ्या माणसाला एक बैठक म्हणजे एक दिवसाचा खाडा. म्हणून तो समितीवर नाव घालू देतो आणि बैठकीला येत नाही. मग आपणच म्हणतो, यांना गावाच्या कामाची आस्थाच नाही! महाराष्ट्राने २०११ साली पंचायतीत निम्म्या जागा बायकांना दिल्या. जागा दिल्या, पण दिवस दिला नाही. आमच्या समितीवर एक मजूर बाई आहेत. बुद्धीने तल्लख, नणंद-भावजयीच्या भांडणात त्या दोन वाक्यांत जे करतात ते आम्हा पुरुषांना दोन तासांत जमत नाही. वर्षातून त्या तीनदा आल्या असतील. इतर वेळी त्या कुणाच्या तरी रानात खुरपत होत्या, बहुधा समितीवरच्याच एखाद्याच्या.

म्हणजे वतन गेले असे आपण म्हणतो, ते कागदावर गेले. बिनपगारी ठेवलेली प्रत्येक जागा आपोआप खात्यापित्या घराकडे जाते आणि त्याच घरात राहते. 'निःस्वार्थ सेवा' या गोंडस नावाखाली आपण सातबाऱ्याची अट घातलेली आहे. बांधाच्या तंट्यात एक बाजू मोठ्या शेतकऱ्याची आणि दुसरी अर्ध्या एकराच्या माणसाची असेल, तर पंचांत अर्ध्या एकराचा एक तरी माणूस बसलेला असावा की नाही?

कुणी म्हणेल, पैसे आले की भ्रष्टाचार आला. मला विचाराल तर उलटे आहे. ज्याला आपण काही देत नाही त्याला जाब विचारण्याचे तोंड आपल्याला राहत नाही. तो उशिरा आला, एका बाजूने झुकला, जावयाच्या तर्फेने बोलला, तरी आपण गप्प. कारण तो उपकार करतो आहे! ज्याची हजेरी वहीत आहे, ज्याने सही करून पैसे घेतले आहेत, त्याला ग्रामसभेत उभे करून विचारता येते. जातपंचायती फुकटच बसत होत्या ना? कुणाच्या पोरीने कुणाशी लग्न केले म्हणून घरेच्या घरे वाळीत टाकीत होत्या. त्यांना आवर घालायला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. फुकटेपणा हा सचोटीचा दाखला नव्हे.

दुसरे कुणी म्हणेल, सेवाभाव नष्ट होईल. हा आक्षेप घेणाऱ्यांत राजकारणी मंडळी पुढे असतात. २०१६ साली आमच्या विधिमंडळाने माजी आमदारांचे निवृत्तिवेतन दरमहा ४०,००० वरून ५०,००० रुपये केले. त्यांचा सेवाभाव त्यानंतर कमी झाल्याचे कुणी सांगितले नाही. आणि मास्तरांचे काय? मला पगार आहे. म्हणून मी मुलांवर माया कमी करतो काय? तडजोडीचे कागद मी फुकट लिहितो, त्याचे मला काही वाटत नाही, कारण महिन्याच्या सुरुवातीला माझ्या खात्यात पगार जमा होतो. पोट भरलेल्या माणसाने फुकट काम करण्यात मोठेपणा फारसा नसतो.

सरकारकडे पैसा नाही, हे तिसरे उत्तर. याच महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला आणि मागेल त्याला काम व कामाला दाम हे तत्त्व देशाला शिकवले. दुष्काळात खडी फोडणाऱ्याच्या घामाला दाम असतो हे ज्या राज्याला पहिल्यांदा उमगले, त्याला रात्र जागून कुऱ्हाडी खाली ठेवायला लावणाऱ्याचा घाम दिसू नये? मी काही पगार मागत नाही, हुद्दा मागत नाही, पेन्शनही मागत नाही. शेतमजुराचे किमान वेतन कायद्याने ठरलेले असते. बैठकीच्या दिवशी तेवढी एका दिवसाची मजुरी द्या. तालुक्याला जावे लागले तर एस. टी. चे भाडे द्या. कागद, वही, चहा यांचा खर्च द्या. हा पैसा सरकारी तिजोरीतून, ग्रामपंचायतीच्या मार्फत यावा. वादी-प्रतिवादींच्या खिशातून एक पैसाही घेता कामा नये, नाही तर ज्याचा खिसा जड त्याचे पारडे जड होईल. आणि वर्षाअखेर कोण किती बैठकांना बसला, किती पैसे गेले, हे पंचायतीच्या फलकावर खडूने लिहून लावा.

एवढ्या मजकुराचा ठराव मी लिहून काढला आहे. येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत तो यायचा आहे. मांडायला एक जण तयार झाला, अनुमोदनाला अजून कुणी मिळालेले नाही. मी तो पहिल्यांदा वाचून दाखवला तो आमच्या अध्यक्षांनाच. ते रागावले. "गुरुजी, गावाकडनं पैसं घ्यायचं? उद्या लोक म्हणतील, म्हातारा रोजावर आला," म्हणाले. मी वाद घातला नाही. त्यांची तीन एकर जमीन आहे. कशीबशी का होईना, त्यांना नाही म्हणणे परवडते.

मग मजूर बाईंना वाचून दाखवला. त्या कुणाच्या तरी बांधावर भाकरी खात बसल्या होत्या. त्यांनी सगळे ऐकून घेतले, मान हलवली, आणि एकच विचारले, "त्येच दिशी हातात मिळत्याल, का मार्चअखेर?"

ठरावात हे राहूनच गेले होते. मी तिथेच खिशातले पेन काढून 'त्याच दिवशी, बैठक उठण्यापूर्वी' असे शब्द घातले.